उकेरेवे : व्हिक्टोरिया सरोवरातील एक बेट आणि त्याची उशिरा छापलेली कादंबरी

१/
एकोणिसाव्या शतकातील जुने जर्मन नकाशे पाहिले, तर पूर्व आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या सरोवरावर अनेकदा दोन नावे आढळतात. एक ‘व्हिक्टोरिया न्यान्झा’ आणि दुसरे ‘उकेरेवे’. पहिले नाव एका इंग्रज प्रवाशाने आपल्या राणीच्या सन्मानार्थ दिले. त्या राणीने हे पाणी कधी पाहिले नाही. दुसरे नाव सरोवरातल्याच एका बेटाचे. अरब व्यापारी त्या बेटावरून संपूर्ण सरोवराला ‘उकेरेवे’ म्हणत. पुढे नकाशांवर राणी उरली आणि बेटाचे नाव बेटापुरते आक्रसले. आजचा धागा त्या बेटाविषयी, आणि त्याचा इतिहास आतून लिहून ठेवणाऱ्या एका माणसाविषयी.

२/
प्रथम जागा नीट पाहू. व्हिक्टोरिया सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटर उंचीवर आहे. क्षेत्रफळ जवळजवळ ६८,८०० चौरस किलोमीटर. युगांडा, केनिया आणि टांझानिया हे तीन देश त्याचे काठ वाटून घेतात. टांझानियाच्या वाट्यातील आग्नेय भागात उकेरेवे आहे. सुमारे ५३० चौरस किलोमीटरचे हे बेट सरोवरातील सर्वांत मोठे. दक्षिणेला म्वान्झा हे शहर, मध्ये स्पीकचे आखात. नान्सियो हे बेटावरील मुख्य गाव. किनारा असंख्य खाड्यांनी कातरलेला, आजूबाजूला लहान बेटांचा पसारा आणि जमिनीतून जागोजाग वर आलेले ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे.

३/
हे सरोवर विस्ताराने अफाट असले, तरी खोलीने उथळ आहे. सर्वांत खोल जागी ते सुमारे ८० मीटर. तळातील गाळाच्या अभ्यासातून असे दिसते की हिमयुगाच्या अखेरीस ते जवळजवळ पूर्णपणे आटले होते आणि सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी पुन्हा भरू लागले. म्हणजे उकेरेवेच्या आजच्या टेकड्या एके काळी कोरड्या, गवताळ मैदानात उभ्या होत्या. पाणी चढत गेले, मैदान बुडाले, उंचवटे उरले. पाण्याने वेढलेल्या त्या उंचवट्यांना नंतर बेट म्हटले गेले.

४/
बेट म्हटले की एकाकीपणा डोळ्यांसमोर येतो. उकेरेवेच्या बाबतीत ही कल्पना बाजूला ठेवावी लागते. पूर्वेकडे रुगेझीची चिंचोळी जलपट्टी बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे करते, आणि ती ओलांडणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नित्यक्रम आहे. जेथे रस्ते नव्हते, तेथे पाणी हाच रस्ता होता. फळ्या शिवून बांधलेल्या होड्यांतून माणसे, धान्य, गुरे, नवऱ्या मुली, आजार आणि बातम्या अशा सर्वांचीच ये-जा चालत असे. केरेवे लोकांची भाषा किकेरेवे. तिचे जवळचे आप्त सरोवराच्या पश्चिम काठावर बोलल्या जाणाऱ्या हाया आणि झिंझा या भाषा. भाषेचे हे नाते पाण्यावरच्या या वाटेची साक्ष देते.

५/
राजघराण्याची परंपराही तेच सांगते. उकेरेवेवर राज्य करणारे सिलांगा कुळ पश्चिम काठावरील इहांगिरोहून होडीने आले, अशी आख्यायिका आहे. राजाला ‘ओमुकामा’ म्हणत. त्याच्या कर्तव्यांत एक अतिशय अवघड कर्तव्य होते : पाऊस. वेळेवर पाऊस यावा ही जबाबदारी राजाची मानली जाई. वर्षातून दोन पावसाळे असणाऱ्या या प्रदेशात एक जरी चुकला, तरी पीक हातचे जाई आणि राजाच्या अधिकाराविषयी कुजबुज सुरू होई. आकाशाचा जाब सिंहासनाला विचारणारी ही राज्यपद्धती होती.

६/
शेजारच्या उकारा या लहान बेटाचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण बेटावरील जमिनीची किंमत तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. उकेरेवेच्या उत्तरेला असलेल्या उकारावर जमीन थोडी आणि माणसे फार. तेथील कारा शेतकऱ्यांनी यातून स्वतःची एक शेतीपद्धती घडवली. गुरे घरातच, खोलगट गोठ्यात बांधायची. त्यांच्या पायांखाली साचलेले खत डोक्यावरून शेतात न्यायचे. बाजरीच्या पिकात तागाच्या जातीची एक शेंगावर्गीय वनस्पती पेरायची आणि तिचे हिरवे खत मातीत गाडायचे. पिकांची पाळी ठरलेली. सरोवराच्या काठी खड्डे खणून त्यांत गुरांसाठी ओलाव्यावर वाढणारे गवत लावायचे. १९३० च्या दशकात वसाहतीच्या शेती अधिकाऱ्यांनी या पद्धतीवर लिहिले आणि तेव्हापासून कृषिशास्त्राच्या ग्रंथांत उकाराचे नाव येत राहिले. जमिनीला विश्रांती द्यायला जागा नव्हती. म्हणून तिला अन्न देण्याची शिस्त आली.

७/
एकोणिसाव्या शतकात उकेरेवे दूरच्या व्यापाराच्या जाळ्यात ओढले गेले. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर हस्तिदंताला मोठी मागणी होती. केरेवे शिकारी आणि व्यापारी हस्तिदंत मिळवत आणि मुख्य भूमीवरील व्यापाऱ्यांमार्फत तो माल किनाऱ्याच्या दिशेने जाई. बदल्यात कापड आणि मणी येत. राजसत्ता श्रीमंत झाली. पण त्याच वाटेने नवे रोगही आले. गेराल्ड हार्टविग या इतिहासकाराने केरेवेंच्या या कालखंडावर ग्रंथ लिहिला आहे. व्यापार, रोगराई आणि परस्परांवरील चेटकाचे संशय एकमेकांबरोबर कसे वाढत गेले, हे त्याने त्यात मांडले आहे. बेटावर संपत्ती आली आणि शेजाऱ्याची भीतीही आली.

८/
३ ऑगस्ट १८५८. जॉन हॅनिंग स्पीक हा इंग्रज अधिकारी म्वान्झाजवळच्या एका टेकडीवर पोचला. समोर पाणी, पाण्यात उकेरेवेचे उंचवटे. त्याच्यासोबत सिदी मुबारक बॉम्बे होता. याओ जमातीतील हा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, मालकाबरोबर हिंदुस्थानात राहिला आणि मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन आफ्रिकेत परतला. त्याच्या नावात मुंबई कायमची राहिली. स्पीक आणि बॉम्बे एकमेकांशी हिंदुस्थानीत बोलत. सरोवराविषयी स्थानिक लोकांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी बॉम्बेच्या तोंडून, हिंदुस्थानीच्या पुलावरून, स्पीकच्या वहीत उतरल्या. स्पीकने सरोवराला राणीचे नाव दिले. त्या प्रवासात उकेरेवेवर त्याचे पाऊल पडले नाही.

९/
१८७५ मध्ये हेन्री मॉर्टन स्टॅन्ली आला. ‘लेडी ॲलिस’ या होडीतून त्याने सरोवराची प्रदक्षिणा पूर्ण केली होती. आता त्याला आपला मोठा काफिला पाण्यावरून युगांडाकडे न्यायचा होता आणि त्यासाठी होड्या हव्या होत्या. होड्या उकेरेवेच्या राजाकडे होत्या. स्टॅन्लीने बेटावर जाऊन ओमुकामा लुकोंगे याची मनधरणी केली आणि होड्यांचा ताफा मिळवला. त्याच्या प्रवासग्रंथात लुकोंगे अवतरतो तो याच प्रसंगामुळे. गरज सरली आणि ग्रंथ पुढच्या प्रदेशाकडे वळला.

१०/
दोनच वर्षांनी, डिसेंबर १८७७ मध्ये, चर्च मिशनरी सोसायटीचे शेरगोल्ड स्मिथ आणि ओनील हे दोघे उकेरेवेवर मारले गेले. सोंगोरो नावाचा व्यापारी आणि लुकोंगे यांच्यातील वैर विकोपाला गेले होते. दोघे मिशनरी सोंगोरोच्या बाजूने त्यात ओढले गेले. इंग्लंडमधील वाचकांसाठी उकेरेवे हे तेव्हापासून दोन धर्मप्रचारकांच्या मृत्यूचे ठिकाण झाले.

११/
आता या तीन नोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहा. एका टेकडीवरून दिसलेली आकृती. होड्यांचा एक सौदा. एक हत्याकांड. बाहेरच्या वाचकाला उकेरेवेविषयी जे छापील वाङ्मय उपलब्ध होते, त्याचा गाभा एवढाच. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. पण बेटावर सकाळी चूल कोण पेटवी, सासुरवाडीला जाताना जावई काय नेई, मूल होत नसेल तर घरात कोणते शब्द बोलले जात, यांपैकी काहीही त्यांतून कळत नाही. वाटसरूला हे प्रश्न पडत नाहीत, कारण त्याला संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामी पोचायचे असते.

१२/
या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवणारा माणूस १८९६ मध्ये बेटावरच जन्मला. अनिसेती कितेरेझा. ओमुकामा माचुंडा यांचे ते नातू. तोवर जर्मन सत्ता सरोवरापर्यंत पोचली होती आणि राजघराण्याचे तेज उतरणीला लागले होते. वडील लवकर गेले. बालपण दरबाराच्या सावलीत, जुन्या माणसांच्या कथा ऐकण्यात गेले. पुढे कागुंगुली येथील कॅथॉलिक मिशनच्या शाळेत आणि तेथून सरोवराच्या पश्चिमेकडील रुब्या येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. लॅटिन, जर्मन, स्वाहिली अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या. पाद्री होण्याची वाट सोडून ते बेटावर परतले.

१३/
१९१९ मध्ये ॲना कातुरा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मुले झाली आणि सर्व लहानपणीच दगावली. ज्या समाजात मूलबाळ हेच घराचे भविष्य मानले जाई, तेथे हे दुःख केवळ खाजगी राहत नाही; ते अंगणात येते, नातेवाइकांच्या बोलण्यात येते. तरीही पती-पत्नी शेवटपर्यंत एकत्र राहिले. कितेरेझा मिशनसाठी भाषांतराचे काम करीत आणि बेटावरील कथा, म्हणी, चालीरीती टिपून ठेवीत. भोवतालची तरुण पिढी जुनी किकेरेवे विसरत चालली होती. औषधे देणारे, पाऊस ओळखणारे, वंशावळी सांगणारे वृद्ध एकेक करून जात होते.

१४/
१९४५ मध्ये त्यांनी किकेरेवे भाषेत एक विस्तीर्ण कादंबरी लिहून पूर्ण केली. एका कॅनेडियन मिशनऱ्याचे प्रोत्साहन त्यांना लाभले होते. कथेचा प्रारंभ एका अपत्यहीन जोडप्यापासून होतो : म्योम्बेकेरे आणि त्याची पत्नी बुगोनोका. नवऱ्याकडचे नातेवाईक बुगोनोकाला वांझ म्हणून टोचून बोलतात. तिचे आईवडील येतात आणि लेकीला माहेरी घेऊन जातात. म्योम्बेकेरे दुसरी बायको करून मोकळा होत नाही. तो सासुरवाडीला जातो, अपराध कबूल करतो आणि दंड भरायला तयार होतो. दंड असतो केळ्यांच्या दारूच्या घड्यांचा.

१५/
या दंडापासून संपूर्ण बेट उलगडू लागते. दारू करायची तर केळी हवीत, ती पिकवायला हवीत, पिळायला माणसे हवीत, घडे हवेत, घडे वाहून नेणारे शेजारी हवेत. शेजारी यायचे तर त्यांच्याशी संबंध चांगले हवेत. एका रुसलेल्या बायकोला परत आणण्यासाठी एका माणसाला आपले सारे नातेसंबंध पणाला लावावे लागतात. कितेरेझा घाई करीत नाहीत. पाहुण्याला कसे अभिवादन करावे, कुदळीचे काम कोणत्या ऋतूत, मासेमारी कशी, वैद्य कोणत्या मुळ्या देतो, मृताला निरोप कसा द्यावा, हे सर्व कथेच्या ओघात येते. सरोवर कादंबरीत नकाशाप्रमाणे येत नाही. माणसे त्यातून पाणी भरतात, त्यात जाळी टाकतात आणि त्याला भितात.

१६/
पुढे औषधोपचारानंतर बुगोनोकाला एक मुलगा आणि एक मुलगी होते : न्तुलानाल्वो आणि बुलिह्वाली. मुलांच्या नावांतही मृत्यूची आणि शोकाची सावली आहे. सुख मिळाले तरी ते टिकेल याची खात्री नसलेल्या समाजाची ती नावे आहेत. स्वतःची मुले गमावलेल्या लेखकाने आपल्या पात्रांना मुले दिली आणि त्यांना वाढू दिले. हे काम त्यांनी कोणत्या मनःस्थितीत केले असेल, याची कल्पनाच करावी लागते. कादंबरीत त्याविषयी कोणताही विलाप नाही.

१७/
हस्तलिखित तयार झाले आणि थांबले. किकेरेवेत पुस्तक छापायचे तर ते विकत घेणार कोण, हा प्रकाशकांपुढील प्रश्न होता. भाषा एका बेटाची, वाचक मोजके. स्वातंत्र्यानंतर टांझानियाने स्वाहिलीला राष्ट्रभाषा मानून शंभराहून अधिक भाषिक समूहांना एकत्र बांधले. हे धोरण देशाच्या ऐक्यासाठी मोलाचे ठरले, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच धोरणात किकेरेवेसारख्या भाषांना शाळेत आणि छापखान्यात जागा उरली नाही. लेखकाने आपल्या लोकांची भाषा टिकावी म्हणून जे लिहिले, ते त्या भाषेत असल्यामुळेच वर्षानुवर्षे पडून राहिले.

१८/
१९६० च्या दशकाच्या अखेरीस गेराल्ड हार्टविग आणि त्यांच्या पत्नी शार्लट संशोधनासाठी उकेरेवेवर आले. वृद्ध कितेरेझांचे हस्तलिखित त्यांनी पाहिले आणि स्वाहिलीत भाषांतर केल्यास ते छापले जाऊ शकेल, असे सुचवले. सत्तरी ओलांडलेल्या लेखकाने आपल्याच कादंबरीचे भाषांतर हाती घेतले. त्यांच्या बेटावरील दर वाक्य पुन्हा एकदा, दुसऱ्या भाषेत लिहायचे होते. ते त्यांनी पूर्ण केले. १९८० मध्ये दार-एस-सलाम येथील टांझानिया पब्लिशिंग हाऊसने पुस्तक प्रकाशित केले. १९८१ मध्ये कितेरेझा वारले. छापील प्रत त्यांच्या हाती पोचली नव्हती. लेखन पूर्ण झाल्यापासून छपाईपर्यंत पस्तीस वर्षे गेली होती.

१९/
याच दशकात कादंबरीतील सरोवरही बदलत होते. १९५० च्या दशकापासून या पाण्यात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला होता. १९८० च्या दशकात त्याची संख्या अचानक वाढली आणि सरोवरातील सिक्लिड कुळातल्या शेकडो लहान जाती विरळ झाल्या किंवा नाहीशा झाल्या. पर्चचे मांस विमानाने युरोपात जाऊ लागले. बेटांवरील मासेमारांना रोख पैसा मिळाला. घरच्या ताटातला मासा मात्र बदलला. आज अंधाऱ्या रात्री दिव्यांच्या उजेडात ‘दगा’ नावाचे बोटाएवढे मासे पकडतात आणि सकाळी काठावर उन्हात वाळत घालतात. शेतात कसावा आणि रताळी, बागांत संत्री आणि केळी.

२०/
पाण्याचा रस्ता तेवढाच गरजेचा आणि तेवढाच धोक्याचा राहिला आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, ‘एमव्ही न्येरेरे’ ही प्रवासी नौका उकेरेवेवरील बुगोलोराहून उकाराकडे निघाली. क्षमता १०१ प्रवाशांची. नौकेवर त्याच्या कितीतरी पट माणसे आणि सामान. उकाराचा धक्का अगदी जवळ आला असता ती उलटली. दोनशेहून अधिक माणसे बुडाली. मृतांपैकी बहुतेकजण बाजारहाट करून घरी निघालेले होते. जगाच्या वृत्तपत्रांत उकेरेवे आणि उकारा ही नावे त्या आठवड्यात पुन्हा एकदा झळकली, आणि पुन्हा एका मृत्युवार्तेमुळेच.

२१/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसाठी या बेटाकडून घेण्यासारखी एक सवय आहे. एखाद्या जागेविषयी वाचताना, ती माहिती कोणी लिहिली आणि तो तेथे किती दिवस राहिला, हे आधी विचारावे. स्पीक टेकडीवर होता, स्टॅन्लीला होड्या हव्या होत्या, पत्रकारांना आकडा हवा होता. कितेरेझांना कोठेही जायचे नव्हते. त्यांच्याजवळ वेळ होता, भाषा होती आणि विसरले जाण्याची भीती होती. म्हणून दंडाचे घडे कसे भरले जात, हे आज सांगता येते.

२२/
या कथेला एक पुढचा दुवा आहे. गॅब्रिएल रुहुंबिका हे स्वतः उकेरेवेचे आणि माचुंडा यांच्याच वंशातले कादंबरीकार. अमेरिकेत साहित्याचे अध्यापन करणाऱ्या रुहुंबिकांनी कितेरेझांची कादंबरी मूळ किकेरेवेवरून इंग्रजीत आणली आणि ती २००२ मध्ये दार-एस-सलामहून प्रसिद्ध झाली. त्याआधी जर्मनमध्येही तिचे भाषांतर झाले होते. तेथे शीर्षकात केरेवेंना ‘पाऊस पाडणाऱ्यांची मुले’ म्हटले आहे. ज्या भाषेला छापण्याजोगे वाचक नाहीत असे म्हटले गेले, तिच्यातल्या म्योम्बेकेरे आणि बुगोनोकाला आज कितीतरी परक्या भाषांचे वाचक ओळखतात. मूल नसलेल्या त्या घराची गोष्ट एका बेटावर लिहिली गेली आणि बेटाबाहेर वाढली.